पीस डाऊन आहात? रिझाइन करायच्या आधी पिन आणि प्यादी बघा

बुद्धिबळाचा डाव अर्ध्यावर आलाय, हातून एक घोडा फुकट गेलाय, घड्याळात दहा मिनिटं शिल्लक आहेत आणि समोरचा खुर्चीला टेकून बसलाय कारण त्याच्या मते काम झालंय. अशा वेळी बहुतेक जण तो घोडा परत मिळवायच्या मागे लागतात, वजीर घेऊन घुसतात आणि पुढच्या पाच चालींत हत्तीही घालवतात. मीही बरीच वर्षं असेच डाव घालवले. मग हळूहळू कळलं की समोरच्याकडे एक मोहरा जास्त आहे हे खरं, पण तो मोहरा हलू शकला तरच त्याचा उपयोग. त्याला जागच्या जागी बांधून टाकला तर तेवढा वेळ खेळ बरोबरीचाच चालतो. बांधायचं काम पिन करते (मागे राजा किंवा वजीर असल्यामुळे मोहरा रेषेवर अडकून पडतो, ती पिन) आणि बांधलेल्याला मारायचं काम प्यादं.

पिन करू शकतात फक्त तिघे, उंट, हत्ती आणि वजीर. म्हणून मागे असताना या तिघांची मारामारी (एक देऊन एक घेणं) सहजासहजी करू नका, समोरचा तर मोहरे मारून पट मोकळा करायला टपलेलाच असतो. प्रत्येक चालीआधी एक सवय लावा, त्याचा राजा आणि वजीर कुठे आहेत ते बघा आणि तिथून निघणाऱ्या उभ्या, आडव्या, तिरक्या रेषांवर बोट फिरवल्यासारखी नजर फिरवा (मनातल्या मनात, पटावर बोट नको). मधे त्याचाच एखादा मोहरा एकटा उभा असेल आणि ती रेषा तुम्हाला पकडता येत असेल तर पिन तयार.

पिन दोन प्रकारची असते आणि हा फरक पक्का डोक्यात पाहिजे. मोहऱ्याच्या मागे राजा असेल तर तो मोहरा रेषा सोडूच शकत नाही, नियमातच बसत नाही. मागे वजीर असेल तर मात्र तो हलू शकतो, फक्त वजीर जातो, आणि कधीकधी वजीर देऊनच समोरचा जिंकतो. क्वीन्स गॅम्बिट या सुरुवातीतला एलिफंट ट्रॅप नावाचा सापळा बघा (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची). डी४ डी५, सी४ ई६, पांढरा घोडा सी३, काळा घोडा एफ६, उंट जी५, काळ्याचा दुसरा घोडा डी७, मग प्याद्याने डी५ वर मारामारी. आता पांढऱ्याला वाटतं एफ६ चा घोडा तर पिन आहे, म्हणून तो घोड्याने डी५ चं प्यादं खातो. काळा बिनधास्त एफ६ च्या घोड्याने डी५ वर मारतो, पांढरा उंटाने डी८ चा वजीर घेतो, आणि काळा उंट बी४ वर येऊन शह देतो. पांढऱ्याला वजीर मधे घालण्याशिवाय दुसरा उपाय नाही, काळा तो वजीर मारतो, आणि हिशेब केला तर काळा एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा जास्त. म्हणून वजिराच्या पिनवर विसंबायच्या आधी, हा मोहरा शह देत सुटू शकतो का, किंवा तो सुटल्यावर दुसरा कोणी शह देतो का, हे बघायचंच.

आता प्याद्याचं काम. समजा तुम्ही पांढऱ्याने खेळताय, काळ्याचं कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कडेला नेणं) राहिलंय, राजा ई८ वर, घोडा ई५ वर, मधली दोन घरं मोकळी, आणि तुमचा हत्ती ई१ वर आला. तुम्ही वजिराने वगैरे त्या घोड्यावर जोर लावलात तर तो डी६ खेळून घोडा धरणार, झालं. त्याऐवजी एफ४ खेळा. आता तो डी६ खेळला तरी तुम्ही प्याद्याने घोडा घेताय, त्याला बदल्यात फक्त ते प्यादं. त्याने कॅसलिंग करून पिन सोडवली तरी त्यात त्याची चाल गेली आणि घोडा प्याद्याच्या तोंडात तसाच. प्यादं सगळ्यात स्वस्त असल्यामुळे त्याच्यासमोर कितीही राखण केली तरी काही उपयोग होत नाही, सगळी ताकद त्यातच आहे. फक्त एक काळजी घ्या, एफ प्यादं हललं की जी१ वरच्या तुमच्या राजाकडे येणारी तिरकी रेषा उघडते, तिकडून शह येऊन पुढे काही होतंय का ते आधी बघून घ्या. तसंच जी५ वर उंट, एफ६ वर घोडा, डी८ वर वजीर असेल आणि ई४ चं प्यादं ई५ ला ढकलणार असाल तर तो एच६, जी५ करून उंट हाकलू शकतो का ते पण मोजा.

मला सगळ्यात आवडते ती गोष्ट वेगळीच आहे, पिन झालेला मोहरा राखण करतोय असं दिसतं पण खरं तो करत नसतो. काळा राजा जी८, हत्ती एफ८, प्यादी एफ७, जी६, एच६. तुमचा उंट बी३ वर, एफ७ पर्यंत रेषा मोकळी, वजीर डी३ वर आणि त्याचीही रेषा मोकळी. वजिराने सरळ जी६ चं प्यादं खा, शह! एफ७ चं प्यादं मारू शकत नाही, ते उंटामुळे राजाला बांधलेलं आहे. राजा एच८, वजीर एच६ वर शह, राजा परत जी८, वजीर परत जी६. असंच चालू राहतं आणि तीनदा तीच पोझिशन आली की ड्रॉ क्लेम करता येतो, तुम्ही हत्ती डाऊन असलात तरी. अट एवढीच की त्याला जी७ किंवा एच७ वर काही मधे घालता येऊ नये आणि जी६, एच६ ही घरं दुसऱ्या कोणी धरलेली नसावीत. एका वीकेंड रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धेत अगदी असाच अर्धा पॉइंट मी वाचवलाय, त्या अर्ध्या पॉइंटचा आनंद जिंकण्यापेक्षा जास्त होता.

आणि पिन मिळतच नसेल तर? मग प्यादी मारत सुटा. मागे असताना मोहरे वाचवायचे आणि प्याद्यांची मारामारी करायची, कारण नुसत्या एका उंटाने किंवा एका घोड्याने मात होत नाही. त्याच्याकडे एक उंट जास्त आहे पण प्यादीच उरली नाहीत तर डाव ड्रॉ. शेवटच्या प्याद्यासाठी तुमचा उरलेला मोहरा दिलात तरी चालेल. त्याच्याकडे उंट आणि फक्त कडेचं प्यादं उरलं असेल, आणि प्यादं जिथे वजीर होणार ते कोपऱ्याचं घर उंटाच्या रंगाचं नसेल, तर तुमचा राजा त्या कोपऱ्यात नेऊन बसवा, तो तुम्हाला तिथून काढू शकत नाही.

पण तुमचं एखादं प्यादं पुढे सुटलेलं असेल तर ते मात्र जपा. आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादेमात (प्याद्याने दिलेली मात) मानाची समजायचे ते उगाच नाही. १८३४ साली लंडनमध्ये ला बूर्दोने आणि मॅकडॉनेल हे त्या काळचे दोन नामांकित खेळाडू ८५ डाव खेळले, त्यातल्या एका डावात शेवटी काळ्याची तीन प्यादी डी२, ई२, एफ२ अशी खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि पांढऱ्याने डाव सोडला.

प्यादी कशी फोडायची हे शिकायला आज घरी एक पोझिशन मांडा. पांढरी ए५, बी५, सी५, काळी ए७, बी७, सी७, दोन्ही राजे लांब दुसऱ्या बाजूला. पांढरा बी६ खेळतो. ए प्याद्याने घेतलं तर सी६, मग बी७ च्या प्याद्याने ते घेतलं की ए६ आणि ए ची पट्टी मोकळी. सी प्याद्याने घेतलं तर उलट, आधी ए६ आणि मग सी६. दोन प्यादी देऊन तिसरं वजीर होतं. आता तीच पोझिशन काळ्याची चाल आहे असं धरून मांडा आणि बी७ चं प्यादं एकच घर पुढे, बी६ ला ढकला. फुटायचा रस्ता बंद. डावात हे एक चाल आधी दिसायला लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी खेळून बघा.