सल्काटाच्या पिल्लासाठी अंगणातलं घर

आधी कायद्याचं. तारा कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. ते घरी पाळणं गुन्हा आहे, कुणी ‘भेट’ दिलेलं असलं तरी. इथे लिहिलंय ते सल्काटा या मोठ्या आफ्रिकन कासवाबद्दल. तोही सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये असल्याने 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते.

मोठा सल्काटा 40-50 किलोचा होतो आणि विटांची भिंतसुद्धा ढकलून बघतो. पिल्लू मात्र लिंबाएवढं, पाठ अजून कोवळी. कावळ्याला एक घास. म्हणून वर जाळीचं झाकण नसेल तर बाकी कितीही हौसेने केलंत तरी उपयोग नाही. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लाकडी चौकटीवर ठोका, एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला कडी. नुसती वीट ठेवून भागत नाही. मांजर ती सरकवते. कोंबड्यांची मोठ्या भोकांची जाळी नको, तिच्यातून उंदीर आत येतो आणि पाय कुरतडतो.

एका पिल्लाला 4 बाय 6 फूट जागा पुष्कळ. कडेने फूटभर चर खणून त्यात तीच जाळी उभी पुरा, म्हणजे मुंगूस खालून शिरणार नाही. वर दीड फूट विटांची किंवा फळ्यांची भिंत. भिंतीतून पलीकडचं दिसता कामा नये. दिसलं की पिल्लू दिवसभर तिथेच नाक घासत बसतं. आणि ते चढतं कोपऱ्यात, म्हणून चारही कोपऱ्यांत तिरकी फळी लावून काटकोन मोडा. उन्हात उताणं पडलेलं पिल्लू अर्ध्या तासातही दगावू शकतं. उभे दगड, पायऱ्या असलं काही आत नको.

सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी निम्म्याहून जास्त भाग सावलीत राहील अशी जागा निवडा. गच्ची नको, स्लॅब तव्यासारखा तापतो. पत्र्याचं छप्परही नको, कौलं चालतील. तापमान जमिनीलगत मोजा: उन्हात 35 ते 38 अंश, सावलीत 30 च्या आसपास. सावलीतच काटा 38 च्या पुढे गेला तर त्या दिवशी पिल्लू घरातच बरं. काचेच्या पेटीत ऊन दाखवू नका. काच यूव्हीबी (उन्हातले हाडं-पाठ घट्ट होण्यासाठी लागणारे किरण) अडवते, उष्णता मात्र कोंडते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते ओलाव्याकडे. ‘वाळवंटातलं जनावर’ म्हणून कोरडं ठेवतात आणि वर्षभरात पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात. ते परत सपाट होत नाहीत. जुना माठ आडवा ठेवून अर्धा मातीत गाडा, आत तीन इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकंच ओलं. पाण्याला कुंडीखालची मातीची थाळी, काठ जमिनीला लागून, पाणी हनुवटीच्या खाली. याशिवाय रोज कोमट पाण्यात 15-20 मिनिटं बसवा.

आत हरळी लावा. जास्वंद आणि तुतीची पानं तोडून घाला, एका कोपऱ्यात समुद्रफेन टाका. कण्हेर, घाणेरी, एरंड आसपासही नको. उरलेला पाला संध्याकाळी काढायचाच, नाहीतर लाल मुंग्या लागतात आणि त्या आधी डोळ्यांवर जातात.

दोन पिल्लं एकत्र ठेवू नका. शांत दिसतात, पण एक दुसऱ्याला दाबून ठेवतं आणि दुसरं खायचं सोडतं.

पहिलं वर्ष बाहेर फक्त सकाळचे तीन-चार तास. रात्री आत, 26 अंशांच्या खाली नको. ओलावा चालतो, ओलावा आणि गारठा एकत्र चालत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तर कोरडी उघडीप मिळाली तरच बाहेर काढा. नाकातून बुडबुडे दिसले तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला त्याच दिवशी दाखवा.