जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतोय? आधी वेळ बघा

वासाची तक्रार घेऊन परळच्या आमच्या गॅरेजमध्ये गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी मी मालकाला विचारतो, वास नेमका कधी येतो? निम्मा शोध तिथेच लागतो.

पण त्याआधी एक ऐका. थेंब पडताना दिसत असेल तर स्टार्टर मारू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती सोसायटीच्या बेसमेंटमध्ये जमिनीलगत साचून राहते. वॉचमनला हाताशी घ्या, गाडी ढकलत उघड्यावर आणा, इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा तोही बाहेर आणल्यावरच.

टाकी फुल केल्यावर वास येतो आणि पेट्रोल अर्ध्यावर आलं की जातो? मग दोष टाकीच्या वरच्या अंगाला: फिलरचा रबरी पाइप, झाकणाचं रबर किंवा गेज युनिटचं (टाकीतलं पेट्रोल मोजणाऱ्या भागाचं) गास्केट. पाइप डिकीतून जात असेल तर मॅट उचलून चाचपून बघा.

ट्रॅफिकमध्ये तापलेली गाडी बंद केल्यावर थोड्या वेळाने वास आला, तर कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, बघा. इंजिनाची धग वर चढून त्यातल्या पेट्रोलची वाफ होते. किंचित वास मी चालवून घेतो, पण कार्बोरेटर बाहेरून ओला दिसला तर नाही. पेट्रोल आत सोडणाऱ्या नीडलमध्ये कचरा अडकला असेल किंवा आत तरंगणाऱ्या फ्लोटला भोक पडलं असेल. फ्लोट काढून कानाशी हलवा. आत खळखळलं की तो बाद.

इंजिन ऑइल मोजायची डिपस्टिक काढून हुंगायला विसरू नका. ऑइल पातळ झालंय, पातळी वाढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय, तर बहुधा पेट्रोलच्या मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटलाय आणि पेट्रोल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. पंप दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवू नका, बेअरिंगं जातील.

काहीच सापडलं नाही तर सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि थोड्या वेळाने पुन्हा बघा. पेट्रोल उडून जातं, पण जोडापाशी पिवळट-तपकिरी डाग ठेवून जातं. पाइप क्लिपजवळ वाकवा. बारीक चिरा दिसल्या, रबर फुगून मऊ पडलं असलं किंवा बोटाला काळं लागलं, तर तो तुकडा नको, सगळा पाइप बदला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल स्वस्त मिळतो, पण पेट्रोलचा पाइप नवाच घ्या, इथेनॉलला टिकणारा. पाण्याची प्लॅस्टिकची नळी तर तात्पुरतीसुद्धा लावू नका. कुठल्याही मेकॅनिकने लावली तर काढायला लावा.

हे सगळं कार्बोरेटरवाल्या गाड्यांचं. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीत इंजिन बंद केल्यावरही पाइपात दाब राहतो, जोड सैल केला की पेट्रोल थेट डोळ्यांत उडतं. तिथे फक्त नजरेने तपासा, पाना मेकॅनिकला लावू द्या.