सात वाट्या आणि २८४ चिठ्ठ्या: राज्यसभेची मतमोजणी घरी करून बघा

माझा भाचा एमपीएससीसाठी नाशिकला माझ्याकडे राहतो. एका रात्री वही आपटून म्हणाला, "मावशी, ३३ मतंवाला पडला आणि २७वाला निवडून आला. हे कसं?" शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना मीही हा धडा "पसंतीक्रमाने मतदान होते" एवढ्यावर उरकत असे. म्हणून त्याला म्हटलं, स्वयंपाकघरातून सात वाट्या आण.

जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या २८४ चिठ्ठ्या कापा. (आधी पंखा बंद करा. आमच्या दोन चिठ्ठ्या कपाटाखाली गेल्या.) १० जून २०२२ ला महाराष्ट्रात सहा जागांसाठी सात उमेदवार होते. या निवडणुकीत मत देतात विधानसभेचे निवडून आलेले आमदार, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातले १५ धरून २८८. विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही. त्या वेळी एक जागा रिकामी होती आणि दोन आमदार तुरुंगात होते, म्हणून मतदान झालं २८५ जणांचं. त्यातलं एक मत बाद झालं, आणि तेही आपल्याच नांदगावच्या आमदारांचं. इथे आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते, पण फक्त त्यालाच. त्यांच्या बाबतीत गुप्ततेचा भंग झाला असं निवडणूक आयोगाने ठरवलं.

चिठ्ठ्या अशा वाटा: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. ही पहिल्या पसंतीची मतं; आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो.

आता कोटा काढा, म्हणजे निवडून यायला किती मतमूल्य लागतं ते. प्रत्येक चिठ्ठीचं मूल्य १०० धरा, म्हणजे एकूण २८,४००. त्याला जागा अधिक एक, म्हणजे सातने भागा. ४०५७ येतात, वरचा अपूर्णांक सोडून द्या आणि एक मिळवा: ४०५८. भाचा इथेच अडला. "जागा सहा, मग भागायचं सातने का?" म्हटलं, ४०५८ ला सातने गुण. आले २८,४०६. वाट्यांत आहेत २८,४००. म्हणजे सात जण कोट्याला पोचूच शकत नाहीत, सहाच पोचतील. तो "अधिक एक" त्याच्यासाठी. शाळेतल्या फळ्यावर हे मी कधी लिहिलं नाही, याची आता चुटपुट लागते.

पहिले पाच जण कोट्यापार गेले, त्यांच्या वाट्या बाजूला ठेवा. गोयलांकडे ४८०० आहेत, कोटा वजा जाता ७४२ शिल्लक. हे वाया घालवायचे नाहीत. ४८ चिठ्ठ्यांवर वाटले की प्रत्येकीला १५ येतात, वरचे तुकडे सोडायचे. सगळ्यांची पुढची पसंती त्यांच्याच पक्षाच्या, म्हणजे भाजपच्या, महाडिकांना आहे असं धरू. मग ४८ गुणिले १५, म्हणजे ७२०. बोंडेंच्या वाटीतूनही तेवढेच. महाडिकांचे २७०० अधिक १४४० झाले ४१४०. कोटा पार!

पवारांनाही त्यांच्या आघाडीतल्या तिघांकडून तीच सवलत द्या. प्रतापगढींच्या प्रत्येक चिठ्ठीमागे ७, पटेलांच्या ५, राऊतांच्या १. एकूण ५६४ मिळाले, तरी ते ३८६४ वरच राहतात. उत्तर सापडलं: मोठ्या ढिगाच्या मागे उरलेल्या दुसऱ्या पसंतीत.

शिलकी वाटूनही कुणी कोट्याला पोचलं नाही, तर सर्वांत खालच्याला बाद करून त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीप्रमाणे वाटतात.

परीक्षेपुरतं थोडं पाठ करा. राज्यसभेत सध्या २४५ जागा, त्यांतले १२ राष्ट्रपतींनी नियुक्त केलेले. महाराष्ट्राचे १९. मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, आणि हे सभागृह विसर्जित होत नाही.

शेवटी भाच्याने स्वतःच एक चिठ्ठी जादा कापली. "मावशी, नांदगावचं मत धरलं असतं तर?" पवारांच्या वाटीत टाकली. कोटा झाला ४०७२. गोयल-बोंडेंच्या चिठ्ठीमागे तरीही १५च. महाडिक ४१४०, पवार ३९२३.