चित्रकथीची नवी पोथी: ऐकण्यापासून बासनापर्यंत

सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथी जिवंत ठेवली आहे. वीणा, हुडूक (डमरूसारखं वाद्य) आणि टाळ यांच्या साथीने एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगायच्या, ही ती कला. तिला एके काळी सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. याच गावचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथी हे नाव महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीतही आहे.

जुनी चित्रं संग्रहालयात पोहोचली की ती वाचली असं आपण धरून चालतो. पण कथा कागदावर नसते, कथेकऱ्याच्या तोंडी असते. चित्र पाहून तिचा चढउतार, तिची चाल, कुठे थांबायचं हे कळत नाही. म्हणून जुनी पोथी, म्हणजे एका कथेच्या चित्रांचा संच, जपून ठेवा आणि वापरासाठी नवी करा. नवीचं काम ब्रशने नव्हे, कानाने सुरू होतं.

आधी परवानगी

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सादरीकरणावर कलाकाराचा स्वतंत्र हक्क असतो. ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार, कोणाला ऐकवणार, मोबदला किती, हे मराठीत एका पानावर लिहा, मोठ्याने वाचून दाखवा आणि एक प्रत कथेकऱ्याकडे ठेवा. एखादी कथा ठरावीक वेळीच सांगायची असेल तर त्या वेळेपर्यंत थांबा. कामाच्या दिवसांची मजुरी रोजच्या रोज द्या. म्हातारा कथेकरी दिवसभर तुमच्यासाठी बसतो तेव्हा त्याचं घरचं काम अडतं.

ध्वनिमुद्रण

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलवर लावा. माइक कथेकऱ्याच्या तोंडापासून दीड फुटावर, किंचित खाली ठेवा आणि हुडूक वाजवणाऱ्याला माइकच्या मागच्या बाजूला बसवा. पातळी ठरवताना हुडूक सगळ्यात जोरात वाजवून घ्या आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. बोलण्याच्या आवाजावर पातळी लावली की पहिल्याच थापेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. पंखा बंद ठेवा. पावसाळ्यात कौलांवरच्या पावसाखाली शब्द बुडतात, म्हणून हे काम दिवाळीनंतर घ्या.

एकच कथा तीन बैठकांत घ्या. पहिल्या बैठकीत कोणीही मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्या बैठकीत जुनी चित्रं कथेकऱ्याच्या हातात द्या आणि तिपाईवरचा कॅमेरा फक्त चित्रावर रोखा. कोणत्या शब्दाला पान उलटलं हे त्यातून कळतं. तिसरी बैठक शब्दांचे अर्थ विचारायला.

उतरवून घ्यायला तासाच्या मुद्रणाला सहा ते आठ तास लागतील असं धरा. मालवणी जशी ऐकू येते तशीच लिहा. ‘इलो’, ‘खंय’, ‘म्हणान’ यांचं प्रमाण मराठी करू नका, कारण चाल त्या अक्षरांवर बसलेली असते. कथा ग्रंथातल्या रामायणाशी जुळत नसेल तर तिला दुरुस्त करू नका. तो वेगळा भागच जपायचा आहे. दोन कथेकऱ्यांचे पाठ एकत्र करून ‘पूर्ण’ कथा बनवण्याचा मोह तर आवर्जून टाळा. अशी कथा कोणाचीच राहत नाही, आणि कोणीही ती गाऊ शकत नाही.

प्रसंग पाडणे

जुन्या पोथीत साधारण तीस ते पन्नास चित्रं असतात. एका चित्रावर तीन-चार मिनिटं धरली तर तीस चित्रांची कथा दीड-दोन तास चालते. चित्र कुठे बदलायचं हे चित्रकाराने ठरवायचं नाही. चाल बदलते, कथेकरी गायन सोडून बोलायला लागतो किंवा पालुपद पुन्हा येतं, तिथे खूण करा. नवशिके हटकून युद्धाचे आणि शापाचे क्षण निवडतात. मग मधला संवादाचा अर्धा तास कथेकऱ्याच्या हातात दाखवायला चित्रच उरत नाही.

कागद, रंग, रेषा

कागद साधारण १२ बाय १६ इंच, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) आसपासचा हातकागद घ्या. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे हा कागद महाराष्ट्राला नवा नाही. काळ्यासाठी दिव्याचं काजळ, तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, निळ्यासाठी नीळ, पांढऱ्यासाठी खडू वापरा. हिंगूळ आणि हरताळ जुन्या चित्रकलेत असले तरी वापरू नका: एकात पारा आहे, दुसऱ्यात आर्सेनिक.

बाभळीचा डिंक एक भाग, पाणी तीन भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. रंगाची पूड आधी नुसत्या पाण्यात खलावर अर्धा तास घोटा, मग डिंकाचं पाणी थेंबथेंब घाला. पट्टी रंगवून पूर्ण वाळू द्या आणि बोटाने घासा. रंग बोटाला लागला तर डिंक कमी. कागद हलकेच वाकवल्यावर रंगाला तडे गेले तर डिंक जास्त. डिंकाचं पाणी दोन-तीन दिवसांत नासतं, तेव्हा थोडंच करा.

पिंगुळीच्या शैलीत चेहरे एका बाजूने दिसतात, डोळे मोठे, बाह्यरेषा ठळक, मागचं दृश्य जवळजवळ नसतं. हे चित्र दिव्याच्या उजेडात लांबून दिसायचं असतं, त्यामुळे बारीक नक्षी वाया जाते. कच्चं रेखाटन झालं की एका दिव्याच्या उजेडात १५ फुटांवरून बघा. कोण कोणाशी बोलतंय हे कळत नसेल तर रंग भरण्याआधी रेषा बदला.

पाठीला पाठ

दोन चित्रं पाठीला पाठ लावून एक पान होतं, म्हणून क्रम आधी ठरवा: १ पुढे, २ मागे, ३ दुसऱ्या पानाच्या पुढे. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ करा. एक वाटी मैदा सहा वाट्या पाण्यात, मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. मग गाळून गार करा. बुक बाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, कीड लागत नाही म्हणून. इथे घालू नका, तांब्यामुळे कागद वर्षांनी तपकिरी पडून ठिसूळ होतो. खळ दोन्ही पाठींना सारखीच लावा. एकीलाच लावली तर पान त्या बाजूला वाकतं आणि कथेकऱ्याच्या हातात सरळ उभं राहत नाही. रंगावर कोरडा टीपकागद ठेवून सपाट फळीखाली २४ तास दाबा. पहिल्या दोन तासांत टीपकागद दोनदा बदला, नाहीतर आत अडकलेल्या ओलीला बुरशी धरते. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांतच करा.

पानांना लॅमिनेशन करू नका. दिव्याखाली ती चकाकतात आणि चित्र दिसेनासं होतं. जुन्या पोथीवरून तर ते पुन्हा कधीच काढता येत नाही. जुन्या पानांचे फोटो सावलीतल्या उजेडात, दोन्ही बाजूंचे, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या आणि फाइलच्या नावात पोथी, पान आणि बाजू लिहा. ‘आयएमजी’ नावाच्या चारशे फोटोंतून कथेचा क्रम पुन्हा कधीच लागत नाही.

जुनी आणि नवी, दोन्ही पोथ्या धुतलेल्या सुती कापडाच्या वेगवेगळ्या बासनांत, आडव्या, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. पावसाळा संपला की प्रत्येक पान उघडून सावलीत दोन तास हवा द्या आणि कडांना कसरीची छिद्रं आहेत का पाहा. त्याच दिवशी नवी पोथी शिकणाऱ्या मुलाच्या हातात द्या, ध्वनिमुद्रण ऐकवू नका, आणि पहिल्या पानापासून कथा सांगायला लावा. जिथे तो अडेल त्या पानाचा आकडा लिहून ठेवा. तेवढाच भाग कथेकऱ्याकडून पुन्हा ऐकून घ्यायचा आहे.