६६ सेंटिमीटरची दोरी

बी.ऑप्टॉम. (डोळे तपासून नंबर काढण्याची पदवी) संपवून कोल्हापुरातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये रुजू झाले, तेव्हा रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून चष्म्याचा नंबर काढायची पद्धत, आपल्याला येते अशी माझी खात्री होती. इंटर्नशिप झाली होती, वही केसेसनी भरली होती. पण सोमवारची ओपीडी वेगळीच. गगनबावडा, राधानगरीहून पहाटेच्या एसटीनं आलेली माणसं दारात बसलेली असतात आणि सगळ्यांना परतीची गाडी गाठायची असते.

नव्यानं या कामाला लागणाऱ्या तुम्हाला माझी चूक सविस्तर सांगते, कारण ती मला दोन महिने दिसलीच नाही. पेशंटच्या डोळ्यापासून ६६ सेंटिमीटरवर बसायचं आणि आलेल्या नंबरातून त्या अंतराचा दीड डायॉप्टर (नंबराचं एकक) वजा करायचा, हे तुम्हाला पाठ आहे. मलाही होतं. पण माझे हात आखूड. ट्रायल फ्रेममधलं (तपासणीच्या चष्म्यातलं) भिंग बदलताना हात पोहोचेना, म्हणून स्टूल रोज थोडं पुढं सरकत गेलं. प्रत्यक्षात मी ५० सेंटिमीटरवर बसत होते. तिथं दोन वजा करायचे असतात, मी दीडच करत होते. म्हणजे प्रत्येक डोळ्याला अर्धा डायॉप्टर प्लस जास्त, मायनसवाल्याला तेवढाच मायनस कमी. मोठा माणूस तक्त्यासमोर बसला की "आता स्पष्ट झालं" म्हणत तो अर्धा नंबर आपल्याकडून दुरुस्त करून घेतो आणि चूक झाकली जाते. तीन वर्षांचं मूल असं काही सांगत नाही. अॅट्रोपिन (बाहुली मोठी करून डोळ्याचं फोकस सैल करणारं औषध) घातलेल्या लहान मुलाचा चष्मा बराचसा तुमच्या रेटिनोस्कोपीवरच ठरतो.

आमच्या सीनियर मॅडमनी एके दिवशी माझी चार मुलं पुन्हा तपासली. चौघांतही माझं उत्तर एकाच बाजूला, तेवढंच सरकलेलं. त्या म्हणाल्या, "हात चुकत असता तर चूक इकडं-तिकडं झाली असती. तू बसतेस कुठं, ते मोज आधी." संध्याकाळी महाद्वार रोडवरून शिलाईची टेप आणली, ६६ सेंटिमीटरची दोरी कापून रेटिनोस्कोपच्या मुठीला बांधली. मग आधीच्या मुलांचे केसपेपर काढून आईबापांना फोन केले. त्या फोनवर माझा आवाज फुटत नव्हता.

हात आखूड असतील तर खुशाल ५० वर बसा आणि दोन वजा करा. त्यात कमीपणा काही नाही. फक्त एकच अंतर धरा, आणि दमल्यावर दुपारी पुन्हा मोजा. औषधानं बाहुली मोठी झाली की कडेचा रिफ्लेक्स (डोळ्यातून परत येणारी चमक) फसवतो, मधलाच बघा.

एआरचा, म्हणजे आपोआप नंबर काढणाऱ्या मशीनचा, कागद आधी बघून मग रेटिनोस्कोप हातात घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आकडा एकदा डोक्यात बसला की डोळ्याला तोच दिसतो. मुलांमध्ये तर औषध न घालता एआर हमखास मायनसकडे झुकतं. कागद उलटा ठेवा. आणि जो सीनियर तुमचा नंबर गुपचूप खोडून बरोबर लिहितो, तो कितीही प्रेमळ असला तरी त्याच्याकडं शिकायला होत नाही. खोडण्याआधी तुम्हाला बोलावणारा शोधा.

औषध घालण्याआधी अँगल, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोपरा, बघितलाच पाहिजे. घाई आहे, पेशंट ओरडतोय, काहीही असो. अरुंद अँगलच्या डोळ्यात डायलेशनचा (बाहुली मोठी करण्याचा) थेंब गेला तर काचबिंदूचा अॅटॅक येऊ शकतो. ए-स्कॅनचा (मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजणाऱ्या मशीनचा) प्रोब बुबुळावर दाबू नका. लांबीत १ मिलिमीटर चुकलं की डोळ्यात बसवायच्या लेन्सची पॉवर अडीच-तीन डायॉप्टरनं हलते.

घाबरू नका मात्र. पहिल्या महिन्यात सगळ्यांचा वेग कमीच असतो, माझाही होता.

जवळच्या, म्हणजे वाचायच्या नंबरालाही अंतर मोजावंच लागतं. हुपरीचे एक चांदीकाम करणारे काका वयाच्या तक्त्याप्रमाणं दिलेला चष्मा घेऊन परत आले. तो ४० सेंटिमीटरला बरोबर होता. काका काम करतात २५ वर. आता मी आधी विचारते, "काका, काम कसं धरता, दाखवा बघू," आणि टेप लावते.

पहिल्या आठवड्यात सीनियरबरोबर २० डोळे तपासा. तुमचे आणि त्यांचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. फरक कधी प्लस, कधी मायनस येत असेल तर सराव वाढवा. सगळा एकाच बाजूला असेल तर स्टूल मोजा.