शेजारच्यांचं झाड आपल्या घरावर पडलं तर भरपाई मिळते का? आधी काय करून ठेवायचं

झाड त्यांचं म्हणजे नुकसान झालं तर खर्चही त्यांचाच, असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं आपोआप होत नाही. धडधाकट झाड वादळात उन्मळून पडलं, 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात पडली तशी, तर मालक दैवी आपत्ती म्हणून हात वर करू शकतो. पण झाड वठलेलं होतं, बुंध्याशी अळंबी उगवली होती, खोडावर ठोकलं की आत पोकळ वाजत होतं आणि मालकाला हे दिसत असूनही त्याने काही केलं नाही, तर तो निष्काळजीपणा. दिल्लीत 1964 मध्ये स्कूटरवरून जाणाऱ्या माणसावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून तो गेला, झाड अगदी सुकून गेलेलं होतं, आणि 1999 ला सुप्रीम कोर्टाने महापालिकेलाच जबाबदार धरलं.

म्हणजे झाडाच्या मालकाला धोका माहीत होता हे आपल्याला दाखवता आलं पाहिजे. "काका, ते झाड जरा बघा ना" असं जिन्यात कितीही वेळा सांगा, कोर्टात ते सिद्ध करणं अवघड जातं. मे संपायच्या आत साधं पत्र द्या, त्यात झाड कुठलं, कुठे कललंय, कुठे पोखरलंय ते लिहा, फोटो जोडा आणि दुसऱ्या कॉपीवर सही-तारखेची पोच घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. झाड सोसायटीच्या कंपाउंडमधलं असेल तर पत्र सेक्रेटरीच्या नावे.

त्याच दिवशी महापालिकेच्या उद्यान विभागातही अर्ज टाका. शहरात 1975 चा झाडांचा कायदा लागू आहे, विनापरवानगी झाड तोडलं तर दंड आणि कैदही होऊ शकते, त्यामुळे रागाच्या भरात कुऱ्हाड घेऊन जाऊ नका. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या आपल्या बाजूने छाटायचा हक्क कोर्ट मानतात, पण आधी पालिकेची परवानगी, आणि त्यांच्या आवारात पाय ठेवायचा नाही. फांदीवरचे आंबे मात्र त्यांचेच हां, यावरून भांडणं होतात म्हणून सांगितलं!

झाड आज-उद्या पडेल असं असेल आणि कोणी दाद देत नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम 152 खाली अर्ज करता येतो (जुनं सीआरपीसी 133), त्यात पडायला आलेल्या झाडाचा उल्लेखच आहे. प्रांत ते काढायचा किंवा टेकू द्यायचा आदेश देऊ शकतात. लोकांना हे माहीतच नसतं आणि थेट दिवाणी दाव्यात वर्षं घालवतात.

आणि पडलंच तर आधी फोटो-व्हिडिओ, मग करवत. विशेषतः मोडलेल्या बुंध्याचा जवळून फोटो घ्या, कुजलेलं लाकूड तिथेच दिसतं आणि एकदा ओंडके उचलून नेले की पुरावा गेला. गावात तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, दुरुस्तीची बिलं ठेवा. भरपाईचा दावा साधारण 3 वर्षांच्या आत टाकावा लागतो. गाडी चेपली असेल तर शेजाऱ्यांशी वाद घालण्याआधी पॉलिसी काढून बघा, कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर क्लेम बसतो, नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही.