वस्तऱ्याने घरी दाढी: पट्टा, कोन आणि ताण

सलूनमध्ये आज दिसतो तो अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा. ब्लेड बोथट झालं की फेकायचं, धारेची काळजी संपली. इथे सांगतोय ते अखंड पात्याच्या जुन्या वस्तऱ्याबद्दल. त्याला धार तुम्हीच राखायची असते, आणि दाढी नीट होणार की नाही हे साबण लावण्याआधी, चामड्याच्या पट्ट्यावरच ठरलेलं असतं. नवशिके सगळं लक्ष चेहऱ्यावर देतात आणि पट्टा दोन मिनिटांत उरकतात. मग वस्तरा ओढतो, केस तुटण्याऐवजी उपटल्यासारखे दुखतात, हाताचा जोर वाढतो आणि कापतं.

पहिला वस्तरा कसा घ्यावा

पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशात मोजतात. पहिल्यांदा 5/8, म्हणजे साधारण 16 मिलिमीटर रुंदीचं पातं घ्या. त्याहून रुंद पातं नाकाखाली अडतं, अरुंद पातं हातात स्थिर राहत नाही. टोक गोल असावं. चौकोनी टोकाने मिशीची कड रेखीव निघते खरी, पण शिकताना तेच टोक कानाच्या पाळीत घुसतं. पोलाद कार्बनचं असेल तर धार लावायला सोपं, पण गंजतं. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, पण दगडावर वेळ खातं.

नावाजलेले वस्तरे जर्मनीतल्या झोलिंगेनचे आणि इंग्लंडमधल्या शेफिल्डचे. जुन्या बाजारात किंवा आजोबांच्या पेटीत असा एखादा सापडला तर आधी तीन गोष्टी पाहा. धारेजवळ गंजाचे खड्डे आहेत का? पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, झिजून सपाट झाली आहे का? आणि धार मधोमध आत गेली आहे का? पाठीवरचा गंज दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. धारेवरचा एक बारीक खड्डाही वस्तरा बाद करू शकतो. दोनतीनशे रुपयांत मिळणारे नक्षीदार मुठीचे वस्तरे शोभेला ठीक. त्यांच्या पात्याला पुरेसं पाणी दिलेलं नसतं, म्हणजे पोलाद तापवून, विझवून कडक केलेलं नसतं; धार लागली तरी टिकत नाही. नवा चांगला वस्तरासुद्धा दाढीपुरती धार लावूनच मिळतो असं नाही. विकणाऱ्याला तसं स्पष्ट विचारा.

पट्टा

पट्टा 6 ते 7.5 सेंटिमीटर रुंद आणि किमान 40 सेंटिमीटर लांब हवा. बहुतेक पट्ट्यांना मागे जाड कापडाची दुसरी पट्टी असते. खिडकीच्या गजाला किंवा भक्कम हुकाला अडकवून डाव्या हाताने ताणून धरा. पट्टा सैल राहिला की तो धारेभोवती वाकतो आणि धार गोलसर होते. बोथटपणाचं हे पहिलं कारण.

पातं पट्ट्यावर आडवं ठेवा. पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या हव्यात. आता पाठ पुढे आणि धार मागे अशी सरकवा. टोकाला पोहोचलात की पातं न उचलता पाठीवरच उलटवा आणि परत या. जाऊन येणं मिळून एक फेरी. कापडावर 20 ते 25 फेऱ्या, मग चामड्यावर 50. हे दर दाढीआधी. वजन फक्त वस्तऱ्याचं. सुरुवातीला अगदी सावकाश. वेग आपोआप येतो, पण चुकीचा हात एकदा बसला की सुटत नाही. पट्ट्याची रुंदी पात्याच्या लांबीपेक्षा कमी असेल तर हात किंचित तिरका नेत टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या कडेपासून, टोकापर्यंत सगळी धार घासली जाईल असं पाहा.

पातं उलटवण्याआधीच परत फिरलात तर पट्टा कापला जातो आणि धारही मुडपते. पट्ट्यावरची खाच बारीक पॉलिश पेपरने सपाट करा, नाहीतर प्रत्येक फेरीत धार तिथे ठेचकाळेल. म्हणून शिकायला स्वस्त पट्टाच घ्या; पहिले काही पट्टे खाचा पडण्यासाठीच असतात.

साबण

आंघोळीनंतर दाढी करणं उत्तम. नाहीतर कोमट पाण्याचा ओला टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा. केस पाणी शोषून मऊ होतो तेव्हाच धार त्याला सहज कापते. ब्रशने फेस मिनिटभर तरी घोटा. मोठे बुडबुडे दिसत असतील तर फेस अजून कच्चा आहे. घट्ट दह्यासारखा चकचकीत झाला की झाला. बोअरच्या जड पाण्यात साबण फेसच धरत नाही, तिथे आरओ फिल्टरचं पाणी वापरा. आणि पंखा बंद करा. उन्हाळ्यात एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळलेला असतो, आणि वाळलेल्या फेसावर वस्तरा अडखळतो.

पकड आणि कोन

पात्यामागच्या मानेवर वरून तीन बोटं, खालून अंगठा, आणि करंगळी मागच्या वळणदार शेपटीवर. वस्तऱ्याची मूठ वर उघडी राहते. पातं गालावर आडवं टेकवा आणि पाठ तिच्या जाडीच्या साधारण दुप्पट उंच उचला. म्हणजे झाले अंदाजे 30 अंश. याहून उभं धरलं तर धार कातडी खरवडते, आणि अगदी आडवं केलं तर केस ओढले जातात.

दुसऱ्या हाताने कातडी ताणणं हे अर्धं काम. बोटं कोरडी हवीत. साबणामुळे घसरत असतील तर तुरटीचा खडा चोळून घ्या, पकड येते. कानापुढची कातडी वर ओढून कल्ल्याखालून गालावर उतरा, एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर. दर दोन-तीन हातांनी पातं धुवा, पण नळाच्या तोटीला लागू देऊ नका. तेवढ्या ठोक्याने धारेचा तुकडा उडतो.

एक नियम मात्र कधीच मोडायचा नाही: पातं धारेच्या लांबीच्या दिशेने, सुरीने भाजी कापल्यासारखं, सरकवायचं नाही. वस्तऱ्याच्या बहुतेक खोल जखमा अशाच होतात. पातं चेहऱ्यावर असताना मान वळवली, कोणी हाक मारली, तरी तेच घडतं. दाराला कडी लावा. आणि वस्तरा हातातून सुटला तर पडू द्या, झेलायला जाऊ नका.

पहिला आठवडा फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करा, उरलेलं नेहमीच्या रेझरने. दुसऱ्या आठवड्यात जबडा आणि मान. मानेवर केस सरळ खाली वाढत नाहीत. कुठे आडवे, कुठे भोवऱ्यासारखे. दोन दिवसांच्या खुंटावरून बोट फिरवून बघा: गुळगुळीत लागेल ती सुलट दिशा, खरखरीत लागेल ती उलट. कंठमण्याच्या उंचवट्यावरून थेट जाऊ नका. कातडी बाजूला ओढून सपाट भागावर आणा आणि तिथे करा. मिशीच्या जागी वरचा ओठ दातांवर ताणून नाकाचा शेंडा किंचित वर करायचा. हात एक सेंटिमीटरचाच. हनुवटी सगळ्यात शेवटी शिका. तिथे केस राठ, जागा गोल आणि कातडी ताणायला आधार नाही. महिनाभर हनुवटी रेझरनेच केली तरी काही बिघडत नाही.

पहिला हात सुलट. मग पुन्हा फेस लावून केसांच्या दिशेला आडवा. उलटा हात महिनाभर तरी नको. तो करताना कोन आणखी कमी, साधारण 15 ते 20 अंश ठेवावा लागतो. तुळतुळीत दाढीच्या हव्यासापायी मानेवर पुरळ आणि आत वळलेले केस पदरी पडतात.

शेवटी गार पाणी, मग ओली तुरटी चेहऱ्यावर फिरवून अर्ध्या मिनिटाने धुवा. तुरटी चरचरली त्या जागी तुमचा जोर जास्त पडला, असं समजा. बारीक ओरखड्याचं रक्त तुरटीने थांबतं. जखम खोल असेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबून धरा. तरी थांबलं नाही तर दवाखाना. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या वाटेला जाऊच नका.

ठेवण

पातं पाठीकडून धारेकडे पुसा, धारेवरून आडवं कधीच नाही. पाणी लपतं ते मुठीच्या खिळ्यापाशी. तिथे कागदाची सुरळी घाला. कापडी पट्टीवर चार-पाच फेऱ्या मारून वस्तरा तासभर उघडा ठेवा. बाथरूममध्ये ठेवू नका, चामड्याच्या म्यानातही नाही, चामडं ओल धरतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस ठिपके उठतात, म्हणून धारेला शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्या. खोबरेल नको, ते थिजतं आणि पुढे खवट होतं.

वस्तरा एकाच माणसाचा. हेपेटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. भावाला किंवा वडिलांनाही तोच वस्तरा देऊ नये.

दगड

पट्ट्यावर नीट 50 फेऱ्या मारूनही वस्तरा ओढत असेल तेव्हाच दगड काढायचा. रोज दाढी करणाऱ्याला हे दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतं. 12000 क्रमांकाचा दगड (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक), त्यावर पाणी, पातं पूर्ण आडवं आणि या वेळी धार पुढे, म्हणजे पट्ट्याच्या बरोबर उलट. 10 ते 15 फेऱ्या, जोर शून्य. पाठ टेकलेली असते म्हणून कोन आपोआप राखला जातो. वस्तऱ्याची घडणच तशी असते. पाठ झिजू नये म्हणून काहीजण तिला विजेच्या कामाची चिकटपट्टी एक थर लावतात. पण एकदा लावलीत तर दर वेळी लावा, नाहीतर कोन बदलतो. 1000 क्रमांकाचा दगड फक्त खाच पडली असेल तर, आणि त्यानंतर 4000, 8000, 12000 असं क्रमाने चढावं लागतं. ते काम पहिल्यांदा जाणकाराकडून करून घ्या.

सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याकडे मात्र वस्तरा देऊ नका. विळी-कात्रीला तो पक्का हात. पण कोरड्या चाकाच्या उष्णतेने वस्तऱ्याची पातळ धार निळी पडते, पोलादाचं पाणी उतरतं, आणि मग तो कुठल्याच दगडावर पुन्हा जागेवर येत नाही.